पडद्यामागचा कान: मध्यकर्णाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कान दुखतो, फुटतो, वाहतो, त्याला दडे बसतात. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: पडद्यामागच्या छोट्याशा पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात. या पोकळीचं आरोग्य एका गोष्टीवर टिकून असतं. तिच्यात हवा असायला हवी आणि त्या हवेचा दाब बाहेरच्या हवेइतका असायला हवा. खालची उत्तरं वाचताना एवढं धरून ठेवलं, तर रचनेतले बरेचसे तपशील आपोआप जागेवर बसतात.

मध्यकर्ण नेमका असतो कुठे?

डोक्याच्या बाजूला, कानाच्या भोवती जे हाड असतं त्याला शंखास्थी म्हणतात. मध्यकर्ण या हाडाच्या आत कोरलेला आहे. बाहेरून कानाच्या भोकातून आत गेलं की सुमारे अडीच सेंटिमीटरवर पडदा लागतो. तिथे बाह्यकर्ण संपतो. पडद्याच्या पलीकडे हवेची पोकळी, आणि तिच्याही पलीकडे द्रवाने भरलेला आंतरकर्ण. म्हणजे मध्यकर्णाच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मध्यकर्णाचं सारं काम या एका अडचणीतून निघालं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

ही पोकळी केवढी असते?

उंची आणि लांबी साधारण १५ मिलिमीटर. रुंदी मात्र फारच कमी: वरच्या बाजूला ६, तळाशी ४ आणि मधोमध जेमतेम २ मिलिमीटर. एक उभी, अरुंद, मधे चेपलेली खोली डोळ्यांसमोर आणा.

तिचे तीन भाग मानतात. पडद्याच्या पातळीला असलेला मधला भाग, पडद्याच्या खालच्या कडेखाली उतरणारा तळाचा भाग आणि पडद्याच्या वरच्या कडेपलीकडे चढणारा माळा. या माळ्याला डॉक्टरही ॲटिक असंच म्हणतात. हातोडी आणि ऐरण या हाडांची डोकी तिथे असतात. माळ्याची जागा आधीच अडचणीची, त्यात हाडं, अस्थिबंध आणि अस्तराच्या घड्या. हवा खेळायला वाव कमी. मध्यकर्णाचे चिवट आजार याच कोपऱ्यात सुरू होतात, त्यामुळे ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कानाचा पडदा म्हणजे एक साधी कातडी का?

दिसायला तसा वाटतो, पण त्याला तीन थर आहेत. बाहेरून कर्णनलिकेच्या त्वचेचाच विस्तार, आतून मध्यकर्णाचं ओलसर अस्तर, आणि मधे तंतूंचा थर. तिन्ही मिळून जाडी फक्त ०.१ मिलिमीटर. व्यास ९ ते १० मिलिमीटर. पडदा सरळ उभा नसतो. तो नलिकेच्या तळाशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून तिरका बसलेला असतो आणि त्याचा मध्य आतल्या बाजूला ओढलेला असतो, कारण तिथे हातोडीची मूठ चिकटलेली असते.

पडद्याचा बहुतेक भाग ताणलेला असतो. वरचा एक लहानसा तुकडा मात्र सैल असतो, कारण तिथे मधला तंतूंचा थर नीट रचलेला नसतो. हा सैल तुकडा नेमका माळ्याच्या समोर येतो. आत हवेचा दाब सतत कमी राहिला की हाच भाग आधी आत खेचला जातो आणि तिथे खळगा तयार होतो.

पडद्याच्या बाहेरच्या त्वचेचा एक गुण मला फार विलक्षण वाटतो. ती मध्यापासून कडेकडे आणि तिथून नलिकेतून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते. मेलेल्या पेशी आणि मळ त्यामुळे आपोआप बाहेर येतो. काडी घालून आपण तो उलट आत ढकलतो.

डॉक्टर कानात दिवा लावून पाहतात तेव्हा त्यांना काय दिसतं?

निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी आणि अर्धपारदर्शक दिसतो. त्यावर हातोडीची मूठ वरून मध्यापर्यंत उतरलेली दिसते आणि तिच्या टोकापासून पुढे-खाली प्रकाशाचा एक त्रिकोण चमकतो. पडदा लाल आणि फुगलेला असेल तर आत पू साठल्याची शंका येते. तो आत ओढलेला, मंद किंवा पिवळसर असेल तर आत द्रव साठला असावा. पडद्यावर हवेचा हलका दाब देऊन तो हलतो का, हेही पाहतात. मागे हवा असेल तर तो हलतो. द्रव असेल तर जवळपास हलत नाही.

मध्यकर्णातली तीन हाडं कोणती?

बाहेरून आत: हातोडी, ऐरण, रिकीब. वैद्यकीय भाषेत मॅलियस, इन्कस आणि स्टेपीज. हातोडी सुमारे ८ मिलिमीटर लांब असते. हातोडी आणि ऐरण यांचं वजन प्रत्येकी २५ ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. रिकीब साधारण ३ मिलिमीटर उंच आणि ३ मिलिग्रॅम वजनाची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. हातोडी आणि ऐरण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शरीरशास्त्रज्ञांना माहीत होती. रिकीब जोवानी फिलिप्पो इनग्रासिया यांना नेपल्समध्ये १५४६ साली विच्छेदन करताना सापडली.

हाडांच्या मधे खरेखुरे सांधे असतात, गुडघ्यात असतात त्याच जातीचे, कूर्चा आणि वंगणद्रवासह. हाडं अस्थिबंधांनी पोकळीत टांगलेली असतात, त्यामुळे ती अगदी कमी जोरावर हलतात. ऐकू येईल अशा सर्वांत मंद आवाजाला पडदा हलतो ते अंतर एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं.

ऐरणीचा एक कमकुवतपणा सांगायलाच हवा. तिच्या लांब टोकाला, जिथे ती रिकिबीला जोडली जाते, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला की साखळीतला हाच दुवा सहसा सर्वांत आधी झिजतो.

वयाबरोबर ही हाडं वाढतात का?

नाही. जन्माच्या वेळीच ती प्रौढ माणसाएवढी असतात.

आवाज पडद्यावरून थेट आतल्या कानात का जाऊ शकत नाही? मधे हाडांची गरज काय?

हवेतून आलेली ध्वनिलहर थेट द्रवावर आदळली तर तिची ९९.९ टक्के ऊर्जा परावर्तित होते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरची बोलणी ऐकू येत नाहीत त्याचं कारण हेच. डेसिबलमध्ये मोजलं तर हा तोटा सुमारे ३० डेसिबल. मध्यकर्ण हा तोटा भरून काढतो आणि त्यासाठी त्याला कुठलीही वेगळी ऊर्जा लागत नाही. तो फक्त दाब वाढवतो.

कसा, ते आकड्यांतच पाहू. पडद्याचा प्रत्यक्ष कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो. रिकिबीचा तळ आंतरकर्णाच्या तोंडाशी असलेल्या लंबगोल खिडकीत बसतो आणि त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठभागावर गोळा झालेलं बल लहान पृष्ठभागावर एकवटलं की दाब तितक्याच पटीने वाढतो: ५५ भागिले ३.२, म्हणजे जवळपास १७ पट. शिवाय हातोडीची मूठ ऐरणीच्या लांब टोकापेक्षा थोडी लांब असल्याने तरफेचा फायदा मिळतो, तो १.३ पट. दोन्हींचा गुणाकार २२ पट. डेसिबलमध्ये हे सुमारे २७ होतात. तोटा ३०चा, भरपाई २७ची. प्रत्यक्षात ही भरपाई आवाजाच्या पट्टीनुसार कमीजास्त होते, पण हिशेब किती जवळ येऊन थांबतो पाहा!

या हिशेबाची उलट बाजू रुग्णांमध्ये दिसते. हाडांची साखळी तुटली आणि पडदाही फाटलेला असला तर ऐकण्यात साधारण ३८ डेसिबलची घट येते. साखळी तुटली आणि पडदा मात्र शाबूत राहिला तर घट ५४ डेसिबलपर्यंत जाते. पडदा धड असून ऐकू कमी येतं, हे प्रथमदर्शनी पटत नाही. पण साखळी नसताना शाबूत पडदा आवाजाच्या वाटेतला अडसर होऊन बसतो.

आंतरकर्णाला दोन खिडक्या कशासाठी?

द्रव दाबला जात नाही. हाडाच्या बंद डब्यात भरलेल्या द्रवावर रिकिबीने एका बाजूने ढकललं तर तो हलणार कुठे? म्हणून लंबगोल खिडकीच्या खाली दुसरी, गोल खिडकी असते आणि तिच्यावर पातळ पापुद्रा असतो. रिकीब आत गेली की हा पापुद्रा मध्यकर्णाकडे फुगतो. आवाज दोन्ही खिडक्यांवर एकाच वेळी सारखाच पोचला तर द्रव जागचा हलणार नाही. शाबूत पडदा गोल खिडकीला आवाजापासून आडोसाही देतो.

मोठ्या आवाजापासून कान स्वतःला वाचवू शकतो का?

काही प्रमाणात. मध्यकर्णात दोन स्नायू आहेत. एक हातोडीला आत ओढून पडदा ताणतो. दुसरा रिकिबीच्या मानेला धरून तिला जरा मागे खेचतो. हा सुमारे ६ मिलिमीटर लांबीचा स्नायू शरीरातला सर्वांत लहान कंकाल स्नायू आहे. साधारण ८० ते ९० डेसिबलच्या पुढचा आवाज आला की रिकिबीचा स्नायू दोन्ही कानांत आखडतो, साखळी ताठरते आणि मुख्यतः खालच्या पट्टीतले आवाज दबतात. आपण स्वतः बोलायला लागण्याच्या किंचित आधीही तो आखडतो, म्हणून आपल्याच आवाजाने आपले कान भरून जात नाहीत.

पण या स्नायूच्या भरवशावर राहू नये. त्याला आखडायला सेकंदाचा लहानसा अंश लागतो. बंदुकीचा बार किंवा फटाका त्याआधीच आत पोचलेला असतो. सतत चालणाऱ्या यंत्राच्या आवाजातही तो थकून सैल पडतो. तिथे कानात बोळे किंवा मफच हवेत.

चेहऱ्याच्या एका बाजूला अचानक लकवा आलेला माणूस कधीकधी सांगतो की त्या बाजूला साधे आवाजही कर्कश वाटतात. रिकिबीच्या स्नायूला चालवणारी नस चेहऱ्याच्या नसेचीच शाखा आहे, त्यामुळे तोही लुळा पडलेला असतो.

विमानात किंवा घाटात कानाला दडे का बसतात?

मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा सतत शोषत असतं. ती भरून काढायला नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक नळी आहे, युस्टेशियन नलिका. प्रौढांमध्ये ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, बाकीचा कूर्चेचा. कूर्चेचा भाग एरवी मिटलेला असतो. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तो क्षणभर उघडतो आणि हवा आत शिरते.

वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली जास्तीची हवा नळीतून सहज निसटते. उतरताना परिस्थिती उलटी. बाहेरचा दाब वाढतो, मऊ नळी आणखी चेपली जाते आणि हवा आत जायला स्नायूंचीच मदत लागते. म्हणून त्रास होतो तो बहुधा उतरताना. विमान खाली यायला लागलं की लगेच गिळत राहावं, काहीतरी चघळावं. झोपलेल्यांना उठवावं, कारण झोपेत गिळणं कमी होतं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारण्याची युक्तीही चालते. आंतोनियो मारिया वाल्साल्व्हा यांनी १७०४ साली कानावरच्या आपल्या ग्रंथात ती दिली, आणि तिला आजही त्यांचंच नाव आहे. जोर मात्र लावू नये, आणि सर्दीने नाक भरलेलं असताना ती करूच नये.

लहान मुलांचेच कान एवढे का दुखतात?

नळीमुळे. जन्माच्या वेळी ती प्रौढांच्या निम्मी, सुमारे १८ मिलिमीटर असते, आणि जवळपास आडवी, १० अंशांच्या उतारावर. मोठेपणी हा उतार ४५ अंशांपर्यंत जातो. आखूड आणि आडव्या नळीतून नाकघशातले जंतू कानात लवकर पोचतात. टाळूचा स्नायू अजून नळी नीट उघडू शकत नाही. त्यातच नळीच्या तोंडाजवळ असलेल्या ॲडेनॉइड ग्रंथी या वयात फुगलेल्या असतात.

सर्दीनंतर दुखणं थांबलं तरी आत द्रव राहू शकतो. तो दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. मूल हाकेला ओ देत नाही, आवाज मोठा करून ऐकतं, आणि त्याला हट्टी किंवा बेफिकीर ठरवलं जातं. हे मला मनापासून सांगावंसं वाटतं: वारंवार सर्दी होणारं मूल लक्ष देत नाही असं वाटलं, तर रागवण्याआधी त्याचे कान तपासा. बहुतेक मुलांमध्ये द्रव काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप शोषला जातो. नाहीच गेला आणि ऐकणं कमी राहिलं तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. ती द्रव काढण्यापेक्षाही हवा आत येऊ देण्यासाठी असते. बाळाला पूर्ण आडवं ठेवून बाटलीने दूध पाजू नये, याचं कारणही हीच आडवी नळी.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात द्रव साठला आणि तो हटत नसेल तर कानापाशी थांबून चालत नाही. नळीचं तोंड जिथे उघडतं तिथे, नाकाच्या मागे, गाठ तर नाही ना, हे दुर्बिणीने पाहावं लागतं.

आंघोळीचं पाणी मध्यकर्णात जातं का?

पडदा शाबूत असेल तर जात नाही. पडद्याला भोक असेल तर जातं आणि कान वाहू लागतो.

पडदा फाटला तर तो पुन्हा भरून येतो का?

थापडीने, काडीने किंवा अचानक दाबाने फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतो. त्या काळात कान कोरडा ठेवायचा आणि त्यात तेल किंवा आपल्या मनाने आणलेले थेंब घालायचे नाहीत. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानातलं भोक मात्र सहसा तसंच राहतं, कारण त्याच्या कडेला बाहेरची त्वचा आणि आतलं अस्तर जुळून गेलेलं असतं. ते शस्त्रक्रियेने, बहुधा कानाजवळच्याच स्नायूवरचा पातळ पापुद्रा लावून बंद करतात.

मध्यकर्णाच्या आजाराला एवढं घाबरायचं कारण काय?

त्याचे शेजारी. खोलीला सहा बाजू आहेत आणि जवळपास प्रत्येकीपलीकडे नाजूक काहीतरी आहे. वर हाडाचा पातळ पत्रा आणि त्यावर लगेच मेंदू. खाली मानेकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेचा फुगवटा. पुढे मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी आणि युस्टेशियन नलिकेचं तोंड. बाहेर पडदा. आत आंतरकर्ण, त्याच्या दोन खिडक्या, आणि लंबगोल खिडकीच्या वरून पातळ हाडाच्या नळीत चाललेली चेहऱ्याची नस. मागे माळ्यातून एक वाट कानामागच्या मॅस्टॉइड हाडात जाते. हे हाड हवेच्या लहान लहान कप्प्यांनी भरलेलं असतं आणि ते सगळे कप्पे मध्यकर्णाशी जोडलेले असतात. म्हणून कानातला पू तिथे पोचला की कानामागे सूज येते आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो.

माळ्यात आत ओढल्या गेलेल्या पडद्याच्या खळग्यात त्वचेच्या मेलेल्या पेशी साचत जातात आणि कोलेस्टिॲटोमा तयार होतो. तो कर्करोग नाही, पण आजूबाजूचं हाड खातो. थोडाच पण दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची नेहमीची खूण. वाहत्या कानासोबत चेहरा वाकडा झाला, गरगरायला लागलं, तीव्र डोकेदुखी किंवा ताप आला, किंवा कानामागे सूज दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

कानाच्या ऑपरेशननंतर जिभेची चव का बिघडते?

जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव नेणारी एक बारीक नस पडद्याच्या आतल्या बाजूने, हातोडी आणि ऐरण यांच्या मधून जाते. शस्त्रक्रियेत ती ताणली जाते, कधी कापावीही लागते. जिभेच्या त्या बाजूला धातूसारखी चव येते. बहुतेकांना काही महिन्यांत ते जाणवेनासं होतं.

कान तपासला तर स्वच्छ, मग दुखतो का?

मध्यकर्णाच्या अस्तराची संवेदना नेणारी नस घसा, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशीही जाते. दाढा आणि जबड्याच्या सांध्याची नस बाह्यकर्णालाही शाखा देते. दुखणं तिथलं, जाणवतं कानात. टॉन्सिल काढल्यावर कान दुखतो तो यामुळेच. कानात काहीच सापडलं नाही तर दात, जबडा आणि घसा तपासून घ्यावा. प्रौढांमध्ये हे दुखणं टिकून राहिलं तर घशाची तपासणी टाळू नये.

ऐकू कमी येतं ते मध्यकर्णामुळे की आतल्या कानामुळे, हे कसं कळतं?

पहिला अंदाज नादकाट्यानेच येतो. ५१२ हर्ट्झचा काटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात. निरोगी कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. हाडावरचा मोठा वाटला तर अडथळा बाह्यकर्णात किंवा मध्यकर्णात आहे, कारण हाडातून जाणारा आवाज तो टप्पा ओलांडून थेट आत पोचतो. ही चाचणी हाइनरिश रिने यांनी १८५५ साली मांडली. आवाज-यंत्रांच्या चाचण्या आल्या तरी ती आजही केली जाते, आणि ते योग्यच आहे.

कान स्वच्छ, पडदा उत्तम, तरी मध्यकर्णाचा बहिरेपणा, असं तरुण वयात आढळलं तर रिकीब खिडकीत घट्ट बसल्याची शंका घेतात. तिच्या तळाभोवती नवं हाड वाढतं आणि ती हलेनाशी होते. १९५६ साली अमेरिकेत जॉन शे यांनी अशी रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम रिकीब बसवली. आज बहुतेक ठिकाणी पूर्ण तळ न काढता त्यात बारीक छिद्र पाडून दट्ट्यासारखा तुकडा बसवतात.

ही हाडं आली कुठून?

जबड्यातून. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मध्यकर्णात एकच हाड असतं. हातोडी आणि ऐरण ज्या हाडांपासून आली ती त्यांच्या जबड्याचा सांधा घडवतात. हा संबंध कार्ल रायखर्ट यांनी १८३७ साली गर्भांचा अभ्यास करून दाखवला. माणसाच्या गर्भातही हातोडी आणि ऐरण पहिल्या गलकमानीतून (गर्भाच्या गळ्यापाशी असणाऱ्या कमानींपैकी पहिलीतून) घडतात, ज्यातून खालचा जबडा होतो. रिकीब मुख्यतः दुसऱ्या कमानीतून. हातोडीच्या स्नायूला चघळण्याच्या स्नायूंची नस आणि रिकिबीच्या स्नायूला चेहऱ्याची नस का मिळते, याचा उलगडा इथे होतो.

याला व्यवहारात महत्त्व आहे. जन्मतः जबडा फार लहान असेल किंवा कानाची पाळी अर्धवट असेल, तर त्या बाळाची मध्यकर्णातली हाडंही बिघडलेली असू शकतात. म्हणून त्याची श्रवणचाचणी लवकर करतात. आंतरकर्ण वेगळ्या ऊतीपासून बनतो, त्यामुळे तो अशा बाळात बहुधा शाबूत असतो, आणि डोक्याला पट्ट्याने बांधलेलं, हाडावाटे आवाज पोचवणारं यंत्र त्याला पहिल्या काही महिन्यांतच ऐकवू शकतं.